दोन बोटं माती

तिसऱ्यांदा तोच आकडा आला तेव्हा मी मीटरच्याच तोंडाला लागले. निर्जीव वस्तूशी भांडू नये एवढं मला कळतं, पण आमच्या ऑफिसात सजीव माणसांशी भांडूनही काही वेगळं हाती लागत नाही. दोन पूर्णांक चार. सातव्या वाफ्यातल्या मातीत इतके क्षार. मागच्या वर्षी दोन पूर्णांक एक, त्याच्या आदल्या वर्षी एक पूर्णांक नऊ. आणि त्याच्याही आधी सलग बावीस वर्षं कधी पॉइंट सहा, कधी पॉइंट सात. शहाण्या मुलासारखा एका रेघेत हाताची घडी घालून बसलेला आकडा.

आमचं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं आहे. प्रयोगशाळेच्या मागे चोवीस वाफे आहेत. निम्म्यांत वर्षाला दोन पिकं, मका आणि गहू, आणि उन्हाळ्यात जमीन मोकळी. उरलेल्यांत त्यावर तिसरं पीक, उन्हाळी चवळी, विहिरीच्या पाण्यावर. सातवा वाफा यांतलाच. कोणत्या फेरपालटीने माती सुधारते आणि कोणत्या फेरपालटीने बिघडते ते बघायचं. दरवर्षी चवळी निघाली की प्रत्येक वाफ्यात पाच ठिकाणी गिरमिट घुसवून वीतभर खोलीची माती काढायची, वाळवायची, चाळायची, पाण्यात घुसळायची आणि मोजायची. पंचवीस वर्षं हेच चाललंय. एवढ्या काळात लोकांची मुलं लग्न करून वेगळी राहायला जातात.

साहेबांना या कंटाळ्याचं चीज करायचं होतं. चवळीमुळे मातीतला नत्र वाढला होता, कर्ब वाढला होता, हे खरंच होतं आणि मीच मोजलं होतं. क्षार मात्र बावीस वर्षं जागचे हलले नव्हते. तेव्हा पाण्याखालच्या जमिनीत खुशाल तीन पिकं घ्या, मातीला धोका नाही, अशी पुस्तिका शुक्रवारी छापायला जाणार होती. खालच्या सखल भागातली सगळी शेती आमच्यासारख्याच मचूळ पाण्याच्या विहिरींवर आहे. लोक पुस्तिका वाचणार, तिसरं पीक घेणार, आणि माझे शेवटचे तीन आकडे खरे असले तर त्यांची पोरं मोठी होईपर्यंत त्या जमिनीत गवतही धड उगवणार नाही.

सोमवारी साहेबांनी मला बोलावून समोर बसवलं आणि तीन आकड्यांभोवती लाल पेनाने गोल काढला. बावीस वर्षं सगळं सुरळीत होतं, नवा मीटर आला आणि आकडे उड्या मारायला लागले, याचा अर्थ काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मीटर मी दर सोमवारी तपासते. ते म्हणाले, तुमच्या कामाबद्दल शंका नाही. शंका नाही असं माणूस म्हणतो तेव्हाच ती असते. तीन वर्षांचे आकडे गाळायचे आणि खाली बारीक अक्षरांत 'प्रयोगशाळेतील त्रुटी' असं लिहायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं. प्रयोगशाळेत काम करणारी मी एकटीच आहे, म्हणजे ती त्रुटी कोण, हे वेगळं सांगायला नको.

मी दोन दिवस मान मोडून काम केलं. साठवणीच्या खोलीतून जुन्या बरण्या काढल्या. दरवर्षीच्या नमुन्यातली मूठभर माती आम्ही ठेवून देतो. पाचव्या वर्षाची, दहाव्या वर्षाची, विसाव्या वर्षाची माती नव्या मीटरवर मोजली. पॉइंट सहा, पॉइंट सात, पॉइंट सहा. म्हणजे मीटर बरोबर होता आणि जुनी माणसंही बरोबर होती. मग उरलं काय? माती एका वर्षात अशी उडी मारत नाही. माती म्हणजे सरकारी फाइल, ती सावकाशच पुढे सरकते. बदलला होता तो फक्त माती काढणारा हात.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत तो हात माझ्या बाबांचा होता.

बाबा या वाफ्यांवर पहिल्या दिवसापासून होते. ऑफिसात त्यांना सगळे ओळंबा म्हणायचे, कारण त्यांनी घातलेला बांध दोरी लावून बघितला तरी तसूभर इकडेतिकडे नसायचा. बावीस वर्षांत नमुन्यांचा एक दिवस त्यांनी चुकवला नाही. निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं मानपत्र बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर आहे आणि ते रोज पुसलं जातं. त्यांच्या जागी आला तो पहिलवान. अंगाने आडवा, स्वभावाने गोड आणि कामाला टाळाटाळ करणारा. गिरमिट घेतलं, घुसवलं, फिरवलं, पिशवी भरली, चहाला गेला. माझ्या मनात पक्कं बसलं की गोंधळ यानेच घातलाय. कुठेतरी दुसरीकडची माती आणून भरत असणार हा गडी.

म्हणून बुधवारी सकाळी मी माझ्या बाबांना म्हटलं, एकदा चला आणि त्याला नीट शिकवा. त्यांना तेवढंच हवं होतं. इस्त्रीचा शर्ट आला, कापडात गुंडाळलेलं खुरपं कपाटातून निघालं. आई बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. आमच्या बाल्कनीत अकरा कुंड्या आहेत आणि अकराही रिकाम्या. रिकाम्या म्हणजे माती आहे, झाड नाही. एकीत आई कपड्यांचे चिमटे ठेवते.

"तू येतेस का?" बाबांनी तिला विचारलं. "नको, नकोच. तू नुसतं बघितलंस तरी चोवीस वाफे मान टाकतील."

मी हसले. आमच्या घरात या विनोदाला सगळेच हसायचे. आईच्या हाताला झाड लागत नाही, हे आमच्याकडे सूर्य पूर्वेला उगवतो तितकंच माहीत होतं. जास्वंद लावली, गेली. तुळस लावली, गेली. निवडुंगसुद्धा महिनाभरात बसला. आत्या तर आई तिच्याकडे गेली की हसत हसत आपल्या बाल्कनीचं दार ओढून घ्यायची. मीही काही कमी नव्हते. प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या वेलाचा फोटो मी आईला दाखवला होता आणि वर म्हटलं होतं की फोटोलाही हात लावू नकोस. आई या सगळ्याला नेहमी तोंडातल्या तोंडात हसायची आणि चिमट्यांच्या कुंडीकडे वळायची.

सातव्या वाफ्यात चवळी निघून आठ दिवस झाले होते. ऊन कडक होतं आणि जमिनीवर जागोजागी पांढुरकं फुटलं होतं, मिठाचा हात पुसल्यासारखं. पहिलवान हात मागे बांधून उभा राहिला. बाबा गुडघ्यांवर बसले, गुडघे दुखतात तरी बसले. आधी त्यांनी काडीकचरा हाताने वेचला. नियमाच्या कागदात तेवढंच लिहिलंय. मग त्यांनी खुरपं आडवं धरलं आणि वरची माती हळूहळू खरवडायला सुरुवात केली. खरवडून झाल्यावर खड्ड्यात दोन बोटं आडवी ठेवून खोली तपासली, अजून थोडं खरवडलं, पुन्हा बोटं ठेवली. खाली काळीभोर, स्वच्छ, ओलसर माती उघडी पडली. मग कुठे त्यांनी गिरमिट हातात घेतलं.

इतकं देखणं काम मी क्वचित पाहिलंय. आधी कधी वाफ्यावर जाऊन मी त्यांना नमुना काढताना पाहिलंच नव्हतं, माझ्यापर्यंत भरलेल्या पिशव्याच यायच्या. पहिलवान ओशाळून म्हणाला की काका, मी तर आपला वरूनच घुसवतो.

बाबांनी खरवडलेली माती चिमटीचिमटीने गोळा केली आणि खिशातून कापडी पिशवी काढून तिच्यात भरली.

"बाबा, ती वरची माती का काढता?"

"पांढरं दिसतंय ना? घाण आहे ती. नमुन्यात गेली तर आकडा खराब येईल."

"दरवर्षी काढायचात?"

"म्हणजे काय! एकही वर्ष चुकवलं नाही."

"आणि पिशवीत कशाला भरताय?"

"तुझ्या आईच्या कुंड्यांना. बघ कशी भुसभुशीत आहे. पांढरं काय, पाणी घातलं की जातं विरून. संशोधन केंद्राची माती आहे, फेकायची कशाला? दरवर्षी पोतंभर नेत होतो मी."

घरातली किटली आठवा. खारट पाणी रोज उकळलं की वाफ निघून जाते आणि तळाशी पांढरा थर उरतो. उन्हाळ्यातल्या चवळीला आम्ही पंचवीस वर्षं मचूळ पाणी पाजतोय, ऊन ते वर खेचतंय, पाणी उडून जातंय आणि क्षार वरच्या दोन बोटांत बसतायत. मका-गव्हाच्या वाफ्यांत पांढरं फारसं नव्हतंच, कारण तिथे उन्हाळ्यात पाणी जात नाही. सातव्या वाफ्यातल्या पिकाचा उतारा गेली काही वर्षं घसरत होता आणि आम्ही ते बियाण्याच्या माथी मारत होतो. सगळं डोळ्यांसमोर होतं. पण जे मोजायचं तेच बाबा दरवर्षी निगुतीने काढून घरी नेत होते. आळशी पहिलवानाने मात्र केवळ आळसापायी बरोबर नमुना घेतला होता. देवाचा हा न्याय मला अजून पटलेला नाही.

मी पहिलवानाला तिथेच, बाबांच्या खड्ड्यापासून हातभर अंतरावर, न खरवडता गिरमिट घुसवायला लावलं. दोन्ही नमुने आणि कापडी पिशवी घेऊन आत गेले. दुपारपर्यंत ओली माती भट्टीत वाळवून मोजली. बाबांचा नमुना पॉइंट सात. पहिलवानाचा दोन पूर्णांक चार. पिशवीतली माती अकरा.

अकरा म्हणजे काय ते सांगते. अकरामध्ये निवडुंगही बसतो.

साहेबांनी तिन्ही आकडे पाहिले. त्यांचा चेहरा उतरला, पण पेन उतरलं नाही. ओळंब्याने आता साठी ओलांडली, आज त्याने खरवडलं म्हणून बावीस वर्षं खरवडलं असेल कशावरून, असं ते म्हणाले. मी म्हटलं, बाबा स्वतः सांगतायत. ते म्हणाले, सांगण्याला काही अर्थ नाही, लेखी द्यायला सांगा. बावीस वर्षांचे नमुने आपण चुकीचे घेतले असं त्यांनी सहीनिशी लिहून दिलं तर छपाई थांबवतो, नाहीतर शुक्रवारी पुस्तिका जाईल. मी घरच्या कुंड्यांचं नाव काढलं तर म्हणाले, मॅडम, कुंड्यांवर पुस्तिका निघत नाही.

मी घरी आले ती डोक्यात राख घालूनच. पिशवी टेबलावर आपटली आणि बाबांना सगळं सांगितलं. बहुतेक फार मोठ्याने सांगितलं. आई सोफ्यावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत बसली होती.

बाबा मानपत्राकडे बोट दाखवून म्हणाले की ते आधी खाली काढ, मग माझ्याकडून सही घे. मी म्हटलं, यात तुमचा दोष कुणी काढत नाहीये. ते म्हणाले, बावीस वर्षांचे नमुने चुकीचे घेतले असं लिहायचं आणि वर दोष नाही म्हणायचं? कुठल्या साहेबाने मला कधी सांगितलं की खरवडू नकोस? पाच साहेब आले आणि गेले, पाचही जणांनी पाठ थोपटली. माझ्यासारखा स्वच्छ नमुना अख्ख्या खात्यात कुणी घेत नव्हतं.

"तेच तर चुकलं ना बाबा," मी म्हटलं. "तुमचा नमुना स्वच्छ होता. जमीन नव्हती."

"नाही लिहिणार मी."

त्यांना पुढे काही ऐकायचं नव्हतं. मला रडू यायच्या बेतात होतं, आणि चाळिशीला आल्यावर बापासमोर रागाने रडण्यासारखं लाजिरवाणं दुसरं काही नाही. खालच्या भागातल्या लोकांच्या जमिनी, माझी बारा वर्षांची नोकरी, सगळं एका म्हाताऱ्या माणसाच्या खुरप्याच्या अभिमानावर येऊन अडकलं होतं. आणि तो अभिमान खोटा नव्हता, हे तर त्याहून वाईट.

तेवढ्यात आईने विचारलं, "पिशवीतली माती खारट आहे, असं म्हणालीस ना तू?"

"हो."

"ही आजची. आणि कुंड्यांतली?"

मी बाल्कनीत गेले. आतापर्यंत इतक्या वेळा तिथे गेले होते, पण कुंड्यांच्या कडेला आतून पांढरा कंगोरा आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. क्षार मोजणं हा माझा धंदा आहे. बारा वर्षं मी जगाची माती मोजत होते आणि माझ्या घरच्या अकरा कुंड्यांकडे चिमटे काढण्यापुरती बघत होते. चिमटीभर माती जिभेवर ठेवली. मोजायची गरज नव्हती.

"तीही खारट आहे, आई. सगळ्या कुंड्यांतली."

आईच्या हातात बाबांचा शर्ट होता. तिने त्याची घडी पूर्ण केली, बाही आत दुमडली आणि ती घडी मांडीवर ठेवली.

"म्हणजे माझ्या हाताला काही झालं नव्हतं."

"काही नव्हतं गं. कुणीही लावलं असतं तरी मेलंच असतं."

आई बाबांकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही गं," बाबा म्हणाले. "चांगली म्हणूनच आणायचो. तुझ्यासाठीच आणायचो."

"माती तुमची होती. आणि हसत होतात मला."

ती हे ओरडून बोलली नाही. शर्ट बाबांच्या बाजूला ठेवला, उरलेले कपडे तसेच सोडून आत गेली आणि दार लावून घेतलं. आमच्या घरात आई दार लावत नाही. मला वाटलं जावं तिच्या मागे, पण कोणत्या तोंडाने जाणार? हसणाऱ्यांत मीही होतेच. संध्याकाळचा स्वयंपाक मी केला आणि तिघांनी तीन वेगळ्या वेळी खाल्ला.

गुरुवारी सकाळी टेबलावर कागद होता. बाबांचं अक्षर, ओळी पट्टीने आखलेल्या. त्यात लिहिलं होतं की मी बावीस वर्षं प्रत्येक नमुन्याच्या वेळी वरची दोन बोटं माती खरवडून बाजूला करत असे. तसं करायला मला कुणीही सांगितलं नव्हतं, मला ते स्वच्छ वाटायचं. त्यामुळे त्या वर्षांचे क्षारांचे आकडे कमी आले असून ते धरू नयेत. अलीकडच्या तीन वर्षांचे नमुने बरोबर आहेत. प्रयोगशाळेची चूक नाही. त्याखाली थोडी जागा सोडून एक ओळ होती: 'सदर खरवडलेली माती मी घरी नेत असे व तिच्यामुळे माझ्या पत्नीने लावलेली सर्व झाडे मेली, त्यात तिच्या हाताचा दोष नव्हता.' खाली सही.

टीव्हीच्या वरची भिंत रिकामी होती. तिथे खिळा तेवढा राहिला होता.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. पुस्तिका थांबवतो म्हणाले, आणि हे म्हणताना ज्या नजरेने माझ्याकडे बघितलं त्यावरून पुढची काही वर्षं माझी रजा कशी मंजूर होणार ते मला कळलं. मग त्यांनी लाल पेन उचललं आणि म्हणाले की शेवटची ओळ घरगुती आहे, रेकॉर्डला शोभत नाही, ती काढून बाकीचं फाइलला लावू.

"ती ओळ राहू दे, साहेब," मी म्हटलं. "नाहीतर कागद परत द्या."

मी हात पुढे केला आणि तसाच ठेवला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं. कागद ओळीसकट फाइलला लागला. आज कुणी सातव्या वाफ्याची फाइल उघडली तर नत्र, कर्ब आणि क्षारांच्या मध्ये आईचा हात निर्दोष असल्याची नोंद सापडेल.

घरी जाऊन मी आईला हे सांगितलं. ती बरं म्हणाली. बाबा दुपारीच बाहेर जाऊन एक कुंडी धुऊन, पुसून, नवी माती भरून घेऊन आले होते आणि जास्वंदीचं रोप कागदात गुंडाळून बाजूला ठेवलं होतं. ते कुंडी दोन्ही हातांत धरून आईसमोर उभे राहिले. नर्सरीची माती आहे, हिच्याकडून आधी तपासून घे हवं तर, असं म्हणाले.

आईने कुंडीत बोट घातलं, थोडी माती उचलली आणि दोन बोटांत चोळून बघितली.

"ठेवा तिथे," ती म्हणाली. "लावीन. पण आज नाही. आज मला अजून राग आहे."

बाबांनी मान हलवली आणि कुंडी घेऊन बाल्कनीत गेले. बाकीच्या दहांच्या ओळीत ती बरोबर बसते का, हे बघायला ते पुन्हा पुन्हा वाकत होते. आई पाठमोरी होती, पण ते तिला दिसत असणार. ती म्हणाली की आता रेघा मारत बसू नका, आणि रोपाला पाणी कोण घालणार, मी?